शेजाऱ्याची झोप, मुलीचा अभ्यास आणि मुलाची बेस गिटार

रात्री दहा वाजले की कार्यक्रमाचा लाउडस्पीकर बंद झाला पाहिजे, असा आग्रह आम्ही गेली कित्येक वर्षे आमच्या वस्तीत धरीत आलो आहोत. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आम्ही मंडळाच्या पोरांना तोंडपाठ म्हणून दाखवतो. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45 डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. अशा आमच्या दारात एका रविवारी सकाळी शेजारच्या खोलीतले गृहस्थ जयभीम घालून उभे राहिले. ते रात्रपाळीला जातात. डोळे लाल झाले होते. म्हणाले, "दादा, तुम्ही लोकांचे स्पीकर बंद करता. तुमच्या पोराचं ते घुमघुम कधी बंद होणार? दोन दिवस डोळ्याला डोळा नाही."

आम्हाला उत्तर सुचले नाही.

आमचा थोरला मुलगा एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्न, हळदी, जयंतीचे कार्यक्रम असतात, त्यातून चार पैसेही मिळतात. गिटार त्याने स्वतःच्या कमाईतून जुनी विकत घेतली आहे. दुपारी बाराला तो कामावर निघतो आणि रात्री नऊला परततो. म्हणजे सराव सकाळी किंवा रात्री. सकाळी शेजारी झोपलेले असतात. रात्री धाकटी दहावीचा अभ्यास करते. घर दहा बाय बाराचे, वर पोटमाळा, आणि मधली भिंत म्हणजे निव्वळ फळ्यांचे पार्टिशन. हिशेब मांडला तर सरावासाठी उरणारा वेळ शून्य.

रागाच्या भरात आम्ही म्हणालो, "विकून टाक ती गिटार." तो काही बोलला नाही. गिटार कव्हरमध्ये घालून त्याने पोटमाळ्यावर ठेवली आणि चार दिवस तिला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मुलांची आई म्हणाली, "तुम्ही लोकांच्या पोरांना शिका म्हणून सांगत फिरता. आपल्याच पोराचं शिकणं बंद केलंत." त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. हेडफोन लावून बेस गिटारचा सराव होतो, असे ऐकून होतो. मग त्या खटपटीला लागलो. त्यात जे कळले आणि जिथे आम्ही चुकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

भिंत आवाज का अडवत नाही?

बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात. सर्वांत जाड 'ई' तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. पुढे 'ए' 55, 'डी' 73 आणि 'जी' 98. हे फार खालचे स्वर आहेत. 'ई' स्वराची हवेतील एक लाट सुमारे सत्तावीस फूट लांब भरते. आमची अख्खी खोली बारा फुटांची. अशी लाट फळ्यांच्या पार्टिशनला जुमानत नाही. शिवाय ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवलेला असला की लाद्यांतून आणि तुळयांतून धक्का पलीकडे जातो. शेजाऱ्याला गाणे ऐकू येत नाही, नुसती घुमघुम ऐकू येते. झोपमोड करायला तेवढी पुरते.

आवाज कमी कर म्हटले तर तेही जमत नाही. माणसाचा कान हळू आवाजात खालचे स्वर फार कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 साली हे मोजून दाखवले. म्हणून वाजवणाऱ्याला आपलेच वाजवणे ऐकू येईनासे होते आणि त्याचा हात नकळत बटणाकडे जातो. ॲम्प्लिफायर न लावता नुसती गिटार छेडली तर तारांची किणकिण तेवढी ऐकू येते. मग ऐकू यावे म्हणून पोरे तारा जोराने ओढतात, हाताला तीच सवय लागते आणि स्टेजवर वाजवणे राकट होते. आमच्या मुलाचे असेच होऊ लागले होते.

आमच्या दोन चुका

पहिली चूक अशी की, घरात मोबाइलचे इअरफोन होते, तेच अडॉप्टर लावून थेट गिटारला जोडले. काहीही ऐकू आले नाही. आम्हाला वाटले, गिटार बिघडली. तसे नव्हते. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो आणि त्यावर हेडफोन चालत नाही. मध्ये तो वाढवणारे काहीतरी लागते. सरावाच्या छोट्या ॲम्प्लिफायरला बहुधा हेडफोनचे भोक असते. त्यात पिन घातली की स्पीकर आपोआप बंद होतो. असा ॲम्प्लिफायर घरात असेल तर वेगळा खर्च नको. नसेल तर गिटारच्या भोकातच बसणारे काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र मिळते. व्हॉक्स कंपनीचे अॅम्प्लग बेस हे त्यातले एक. ते दोन बारीक सेलवर चालते, आणि मोबाइलवरचे गाणे त्यात जोडून त्याबरोबर वाजवताही येते. तिसरा मार्ग ऑडिओ इंटरफेसचा, पण त्याला कॉम्प्युटर किंवा चांगला फोन लागतो.

दुसरी चूक पैशाची झाली. एका दुकानदाराने 'एक्स्ट्रा बेस' छापलेला ब्लूटूथ हेडफोन दाखवला. नावातच बेस आहे म्हणून आम्ही तो घेतला. घरी लावला तर मुलगा म्हणाला, "पप्पा, मी वाजवतो आता आणि ऐकू येतं मग." साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा उशीर होतो. गाणे ऐकायला त्याने काही बिघडत नाही. पण मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. त्यात दोन दशांश उशीर म्हणजे ताल गेलाच, आणि बेसवाल्याचा ताल गेला की सगळा ऑर्केस्ट्रा गेला. वाद्यांसाठी मुद्दाम बनवलेले वायरलेस संच असतात, पण ते आपल्या खिशाला परवडणारे नव्हेत. सरावाला वायरचाच हेडफोन घ्यावा.

'एक्स्ट्रा बेस' हाही एक फसवा शब्द आहे. अशा हेडफोनमध्ये खालचे स्वर मुद्दाम फुगवलेले असतात. सिनेमाचे गाणे भारदस्त वाटते, पण गिटार लावली की 'ई' आणि 'ए' तारा ढोलासारख्या घुमतात आणि 'जी' तार मागे राहते. बोट पट्टीवर नीट दाबले गेले नाही, तार खरखरली, एक स्वर दुसऱ्यात मिसळला, हे सारे त्या घुमण्याखाली लपून जाते. सरावाचा हेडफोन आपली चूक दाखवणारा हवा. हिशेबनीस असा नको की जो तोटा नफ्याच्या रकान्यात लिहून मालकाला खूश करील.

हेडफोन कसा निवडावा?

पहिली गोष्ट, पाठ बंद असलेला हेडफोन घ्यावा. काहींची पाठ जाळीची, उघडी असते. त्यात आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेरही झिरपतो आणि अगदी खालचे स्वर बहुधा कमी भरतात. एका खोलीत पाच माणसे झोपत असतील तर तो कामाचा नाही.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, त्याची गादी कानाभोवती घट्ट बसली पाहिजे. हेडफोनमधला पडदा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा असतो. तरी तो 41 कंपनांचा स्वर ऐकवतो, कारण कान आणि गादी यांच्यामध्ये हवेची एक बंद डबी तयार होते. त्या डबीला फट पडली की खालचा स्वर निघून जातो. विश्वास बसत नसेल तर 'ई' तार छेडून गादी बोटाने जराशी उचलून पाहावी. म्हणून कानावर नुसता टेकणारा नको, कान पूर्ण आत घेणारा हवा. चष्म्याची जाड काडी, जाड केस, मोठी कर्णफुले यांनीही फट पडते. आमच्या मुलाला चष्मा आहे. पहिल्या दुकानात चष्मा काढून हेडफोन लावला आणि घरी चष्म्यावर लावला, तेव्हा बेस अर्धा झाला.

तिसरी गोष्ट, ओहम. बॅटरीवरच्या छोट्या यंत्राला साधारण 32 ते 80 ओहमचा हेडफोन चालतो. एकाच मॉडेलचे वेगवेगळे प्रकार असतात हे लक्षात ठेवावे. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा 32, 80 आणि 250 ओहम अशा प्रकारांत आलेला आहे. 250चा घेऊन छोट्या यंत्राला जोडला तर आवाज फारच कमी येईल. सोनीचा एमडीआर 7506 हा स्टुडिओत 1991पासून वापरात असलेला हेडफोन 63 ओहमचा आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेत एम20एक्स 47, तर एम40एक्स 35 ओहमचा. ही नावे आम्ही जाहिरातीसाठी देत नाही. सगळे पाठ बंद असलेले आणि वायरचे आहेत, एवढ्यासाठी उदाहरणे दिली. डब्यावर '20 ते 20000 हर्ट्झ' छापलेले असते, पण त्यात कोणता स्वर किती जोरात येतो ते कळत नाही. त्यावर जाऊ नये.

चौथी गोष्ट पिनेची. मोबाइलची पिन 3.5 मिलिमीटर, मोठ्या ॲम्प्लिफायरची 6.35 मिलिमीटर. अडॉप्टर घेताना स्टिरिओ मागावा. चुकून मोनो मिळाला तर एकाच कानात आवाज येतो आणि माणूस हेडफोन बिघडला म्हणून दुकानात परत जातो.

पाचवी, वायर आणि गाद्या बदलता येतात का ते विचारावे. गाद्या दोन-तीन वर्षांत फाटतात. त्या सुट्या मिळत असतील तर हेडफोन फेकावा लागत नाही.

दुकानात जाताना

मुंबईत आम्ही लॅमिंग्टन रोड आणि धोबी तलाव दोन्ही पालथे घातले. एक शिकलो. गिटार आणि यंत्र बरोबर न्यावे. दुकानदाराचे गाणे ऐकू नये, आपले वाजवावे. चारही तारा एकामागून एक सारख्या जोराने छेडाव्यात. चारही सारख्या ऐकू आल्या पाहिजेत. मग 'ई' तार पाचव्या पट्टीवर दाबावी आणि मोकळी 'ए' छेडावी. दोन्ही एकच स्वर आहेत, त्यांचा आवाजही जवळपास सारखाच भरला पाहिजे. पंधरा मिनिटे हेडफोन काढू नये. डोके आवळते की नाही ते तेव्हाच कळते. आणि बरोबरच्या माणसाने दोन हातांवर उभे राहून बाहेर काय ऐकू येते ते सांगावे. ते काम आम्ही केले. तारांवरची बोटांची टकटक सोडली तर काही ऐकू आले नाही.

कान एकदाच मिळतात

हेडफोनने शेजारी सुटतो, पण सगळा आवाज आपल्या पोराच्या कानात जातो, हे आईबापांनी विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 90 डेसिबलचा फक्त 4 तास. आणि बेसचा आवाज कानाला बोचत नसल्याने तो कधी वाढला ते कळत नाही. आमच्या घरात नियम असे आहेत. पिन घालताना वा काढताना आवाजाचे बटण शून्यावर ठेवायचे, नाहीतर कानात फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. गाणे जोडले तर आधी गाणे हळू करायचे, मग बेस त्याच्या जरासा वर. बेस वाढवून गाण्यावर मात करायची नाही. अर्ध्या तासाने दहा मिनिटे कान मोकळे. कानात शीळ वाजू लागली तर त्या दिवशी सराव बंद, आणि ती दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे.

हेडफोनने सारे भागत नाही, हेही खरे. छातीत जाणवणारा बेसचा धक्का त्यात नसतो, आणि ढोलकी-ऑक्टोपॅडवाल्याबरोबर बसल्याशिवाय मेळ जमत नाही. म्हणून रविवारी दुपारी ऑर्केस्ट्राची पोरे एकत्र बसून उघडा सराव करतात. वेळ आम्ही आधी शेजाऱ्यांना विचारून ठरवला.

तो 'एक्स्ट्रा बेस' आता मुलांची आई गाणी ऐकायला वापरते. तो पैसा तोट्यात लिहायचा की नाही, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा झाले होते. धाकटी खाली दिव्याजवळ भूमितीचे प्रमेय लिहीत होती. मुलगा पोटमाळ्यावर भिंतीला टेकून वाजवत होता. डोळे मिटलेले, बोटे चालू. दुसऱ्या दिवशी शेजारी नळावर भेटले. आम्ही विचारले, "भाऊ, झोप लागते का आता?" ते म्हणाले, "लागते की. पोरानं गिटार सोडली का काय? वाईट वाटलं मला."

आम्ही म्हणालो, "सोडली नाही. रोज दोन तास वाजवतो. कार्यक्रमाला या, तिथं ऐका."