मिठी नदी आहे, नाला नव्हे

मुंबईला नळाचे पहिले पाणी मिळाले ते १८६० मध्ये, विहार तलावातून. आजही हा तलाव शहराला पिण्याचे पाणी पुरवतो. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की मिठी नदी वाहती होते. पवई तलावाचे जादा पाणीही तिला येऊन मिळते. साकीनाका, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ज्या तलावाचे पाणी आपण शुद्ध करून पितो, त्याच तलावाचे पाणी काही किलोमीटर खाली आल्यावर अंगाला लागले तरी धोक्याचे ठरते.

नाव ऐकले की मराठी माणसाला आलिंगन आठवते आणि हिंदी माणसाला गोडवा. उगमाकडे पाणी गोडे आणि मुखाशी भरतीमुळे खारे, असे तिचे खरे रूप आहे. पण काठावरच्या अनेक वस्त्यांत तिला ‘नाला’च म्हणतात. पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की ‘नदीच्या पाण्यात गेला होतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. ‘नाल्याच्या पाण्यातून चाललात का?’ असे विचारले, की ‘रोजच’ म्हणतात. निदानाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

कारण प्रश्न लेप्टोस्पायरोसिसचा असतो. उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून याचे जंतू पाण्यात येतात. गोड्या पाण्यात आणि ओल्या चिखलात ते कित्येक आठवडे तग धरतात. पायाची जखम, भेगा, पाण्याने नरम पडलेली कातडी किंवा डोळ्यांवाटे ते शरीरात शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या विलक्षण दुखतात. उपचार लांबले तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुफ्फुसांत रक्तस्राव होऊन जीवही जातो. वेळेवर प्रतिजैविके मिळाली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भरावाने अरुंद झालेली, धावपट्टीखालून नेलेली, काटकोनात वळवलेली मिठी ते पाणी वाहून नेऊ शकली नाही. पूर ओसरल्यावर रुग्णालये लेप्टोच्या रुग्णांनी भरली. त्याच वर्षी मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद आणि खोल करण्याचे, गाळ काढण्याचे, संरक्षक भिंती बांधण्याचे काम सुरू झाले. पूर रोखायला हे हवेच. पण गाळ काढणे म्हणजे ताप उतरवणे; जंतुसंसर्ग त्याने जात नाही. वस्त्यांचे सांडपाणी, कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी आणि गोठ्यांचे शेण प्रक्रिया न होता नदीत येत राहिले, तर दरवर्षी नवा गाळ साचणारच. मलवाहिन्या, शौचालये आणि कचरा उचलण्याची व्यवस्था काठावरच्या प्रत्येक वस्तीत पोहोचणे हाच मूळ उपचार. मुखाशी उरलेली खारफुटीही जपली पाहिजे. भरतीचा जोर तीच सोसते.

तोवर स्वतःला जपा. साचलेल्या पाण्यातून जावे लागले तर गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. अशा पाण्यातून गेल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, ते तेच ठरवतील. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना परस्पर गोळी देऊ नका. ताप आला तर अंगावर काढू नका आणि पाण्यातून चाललो होतो, हे आपणहून सांगा.

नाल्यात कचरा टाकताना आपला हात थांबत नाही. नदी म्हटले की निदान क्षणभर थांबतो. म्हणून मुलांना तिचे नाव सांगताना नाला म्हणू नका. तिला मिठी नदीच म्हणा.