टीबीच्या गोळ्या आणि दारू : इलाज दोन्हींचा, तोही एकत्र



टीबीच्या गोळ्या चालू असलेला माणूस दारू पीत असेल, तर बऱ्याच घरांत एकच गोष्ट घडते. तो रात्री पितो आणि सकाळची गोळी टाळतो. ‘दारूवर गोळी चालत नाही’ म्हणून घरचेही गप्प बसतात. आम्हाला एवढेच सांगायचे आहे : मनाने गोळी सोडू नका आणि दारूची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

जास्त दारू पिणाऱ्याला टीबी होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. टीबीच्या मुख्य चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन लिव्हरवर ताण आणतात. दारूही तेच करते. गोळ्यांत खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग नेहमीचा सहा महिन्यांचा इलाज पुरत नाही आणि तोच हट्टी टीबी घरातल्या लेकरांना लागू शकतो.

डॉक्टरांच्या शिक्षणात टीबी छातीच्या विभागात आणि व्यसन मानसोपचार विभागात शिकवतात. रुग्ण मात्र एकच असतो. म्हणूनच २०१७ साली केंद्र सरकारने टीबी आणि तंबाखूचे काम जोडण्याचा आराखडा काढला : प्रत्येक टीबी रुग्णाला तंबाखूबद्दल विचारायचे आणि ती सोडायला मदत करायची. दारूबद्दलही असेच विचारले गेले पाहिजे. कोणी विचारले नाही, तर मानवतच्या सरकारी दवाखान्यात आपणच सांगावे : “डॉक्टर, हे रोज पितात. लिव्हर तपासा, दारूचाही इलाज सांगा.” गरज पडली तर परभणीला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागावी.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. लघवी नुसती केशरी झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, भूक मेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

पाचवे शील आपण विहारात एकत्र ग्रहण करतो. ज्याला ते पाळणे जड जाते, त्याला टोमणे मारले तर तो दवाखान्याकडे फिरकत नाही. त्याच्यासोबत दवाखान्यात कोणीतरी गेले पाहिजे.