उतरत्या पाठीचा कुत्रा

ज्याला आपण ‘अल्सेशियन’ किंवा सरळ ‘पोलिसांचा कुत्रा’ म्हणतो, तो जर्मन शेफर्ड मुळात मेंढ्या राखणारा. मेंढ्यांनी शेजारच्या पिकात तोंड घालू नये म्हणून तो दिवसभर बांधाच्या कडेने दुडक्या चालीने येरझारा घाली, जणू चालते कुंपणच! माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये या जातीची संस्था स्थापन केली, ती असा कामाचा कुत्रा जपण्यासाठी.

मानकाप्रमाणे नराची खांद्यापाशी उंची ६० ते ६५ सेंटिमीटर, मादीची ५५ ते ६०. शरीराची लांबी उंचीपेक्षा १० ते १७ टक्के जास्त हवी. या लांबट बांध्यामुळे पाऊल लांब पडते व कुत्रा लवकर थकत नाही.

पुढे प्रदर्शनांत मात्र फार उतरती पाठ हेच सौंदर्य ठरू लागले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात अडखळत चालणारी मादी या जातीत सर्वोत्तम ठरली, तेव्हा बरीच ओरड झाली. मला ती योग्यच वाटते.

पालकांना एवढेच सांगणे, की पिल्लू घेताना पाठीच्या उतारावर भाळू नका. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो व तो आनुवंशिक असतो. पिल्लाच्या आई-बापाचा खुब्याचा एक्स-रे मागा आणि दोघांना चालवून पाहा.