दगडाकडे पाहायचे कसे?

दगडाचे चित्र काढा म्हटले की तुमसरच्या वर्गातली मुलेही बटाट्यासारखा आकार काढतात आणि आत चार रेघा मारतात. समोर ठेवलेल्या दगडाकडे कोणी पाहतच नाही! पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्हाला जॉन रस्किन या ब्रिटिश लेखक-चित्रकारामुळे उमगले.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची सरकारी पद्धत विद्यार्थ्यांकडून छापील नमुन्यांची आणि प्लास्टरच्या ओतीव आकृत्यांची नक्कल करून घेई. आपल्याकडच्या कलाशिक्षणावर ठसा पडला तो मुख्यतः हिचाच. रस्किनला ती पटत नव्हती. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ साली सुरू झाले. त्याच वर्षी निघालेल्या 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' या पुस्तकात तो सुरुवातीच्या धड्यांतच बागेतला किंवा रस्त्यावरचा एक गोलसर दगड उचलायला सांगतो. दगडाला कडेची रेघ नसते. असतो तो उजेड-सावलीतला फरक, तोच कागदावर आणायचा. त्याची एक युक्ती फार उपयोगी आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडून त्यातून पाहावे. सावलीतला पांढरा भाग उजेडातल्या पुठ्ठ्यापेक्षा किती काळपट आहे, ते लगेच कळते.

रस्किनने १८५३ साली स्कॉटलंडमधील ग्लेनफिनलास येथे काढायला घेतलेले कातळाचे चित्र ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. ते पट्टिताश्माचा, म्हणजे नाइसचा, अभ्यास म्हणून ओळखले जाते. नाइससाठी आपल्याला स्कॉटलंड गाठायला नको. तुमसर रोडहून गाडी जाते त्या तिरोडीच्या नावानेच आपल्या भागातला 'तिरोडी नाइस' भूवैज्ञानिकांना माहीत आहे.

पुस्तकातल्या आकृतीत नाइस म्हणजे समांतर रेघा. तुकडा पुढ्यात घेऊन काढायला बसले की पट्टे वाकलेले दिसतात, मध्येच निमुळते होऊन संपतात. गडद पट्ट्यांत अभ्रक चमकते, फिक्यांत क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार. एखाद्या तुकड्यात पांढरी शीर पट्ट्यांना आडवी कापत जाते. कोणती रेघ कुठे थांबवायची, हे ठरवताना मुले अडतात. तिथेच विचारावे: आधी काय तयार झाले असेल? कापणारी शीर नंतरची, हे भूशास्त्रातले अनुमान मग मुलेच काढतात.

यासाठी दोन तासिका तरी द्याव्यात आणि फळ्यावर आकृती मुळीच काढू नये. सुबकपणाला गुण नकोत. सगळे दगड एकत्र मिसळावेत. चित्र पाहून दुसऱ्या मुलाला ढिगातून तोच दगड उचलता आला, की चित्र जमले.