बुकमार्कांचा पसारा चॅटबॉटच्या हवाली करण्याआधी

बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यासारख्या गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या संगणकावर ब्राउझर उघडला की वरच्या पट्टीत काय काय असतं, ते आठवून पाहा. महाभूमी, आपले सरकार, महाडीबीटी, पीएम किसान, पीक विमा. त्यांच्या मागे बाजारभाव, हवामान खातं, दहावी-बारावीचे निकाल, अमरावती विद्यापीठ, शेगाव संस्थान. त्यातली काही पानं दोन-तीनदा साठवलेली, काहींचं नाव नुसतं ‘होम’. खरिपाचा विमा भरायला दारात माणसं उभी असतात आणि नेमकी हवी ती लिंक सापडत नाही. मग घाईत गुगलवर शोधलं जातं आणि योजनेच्या नावाशी मिळतंजुळतं भलतंच पान उघडतं. नुकसान तिथे होतं, म्हणून बुकमार्क नीट लावणं हे निवांत वेळेचं काम समजू नये.

यावर हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो: ‘चॅटबॉटला सांगा, तो लावून देईल.’ सल्ला खोटा नाही, पण त्याच्याभोवती बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

‘तो ब्राउझरमध्ये शिरून सगळं आवरतो’

चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉड यांच्याशी नेहमीच्या पद्धतीने बोलताना त्यांना तुमचे बुकमार्क दिसत नाहीत. ते आपल्यालाच काढून द्यावे लागतात. संगणकावर क्रोम उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणं एकदम दाबली की बुकमार्क मॅनेजर समोर येतो. तिथल्या तीन ठिपक्यांत एक्स्पोर्टचा पर्याय आहे. त्यातून एक एचटीएमएल फाइल मिळते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत ‘नेटस्केप’ हे नाव दिसतं. नेटस्केप हा १९९४ चा ब्राउझर. त्याची देखभाल २००८ मध्ये थांबली, तरी बुकमार्कच्या फाइलची त्याने घालून दिलेली पद्धत आजही बहुतेक ब्राउझर पाळतात. म्हणूनच क्रोममधून काढलेली फाइल फायरफॉक्समध्येही चालते.

याच फाइलमध्ये प्रत्येक लिंकशेजारी अक्षरांचं एक लांबलचक भेंडोळं दिसेल. ते त्या संकेतस्थळाचं छोटं चित्र असतं, अक्षरांच्या रूपात साठवलेलं. फाइल फुगते ती त्यानेच. अशी फाइल तशीच चिकटवली तर चॅटबॉटची वाचनमर्यादा या भेंडोळ्यांवरच खर्च होते आणि शेवटच्या लिंकांपर्यंत तो पोचतच नाही. चॅटबॉटला ब्राउझरमधलं काहीच दिसत नाही, याला अपवादही आहे: २०२५ मध्ये कॉमेट आणि अ‍ॅटलससारखे ब्राउझर आले. त्यांच्यात मदतनीस आतच बसवलेला असतो आणि तो उघडं पान पाहू शकतो. पण ती वेगळी व्यवस्था आहे. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर साधा क्रोमच असतो.

‘लिंक दिली म्हणजे त्याने पान वाचलं’

यादी दिली की चॅटबॉटला सहसा दिसतात दोनच गोष्टी: बुकमार्कचं नाव आणि पत्ता. त्यांवरून तो अंदाज बांधतो. बहुतेक वेळा अंदाज चांगला असतो, आणि नेमका म्हणूनच चुकलेला पटकन लक्षात येत नाही.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. संग्रामपूर तालुक्याच्या शेजारी जळगाव जामोद, आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात. आणि खानदेशातला जळगाव हा स्वतंत्र जिल्हा. बुकमार्कच्या नावात नुसतं ‘जळगाव’ असेल, तर जामोदची लिंक खानदेशच्या फोल्डरात जायला वेळ लागत नाही. संग्रामपूर नावाची गावंही देशात आणखी आहेत. म्हणून यादी देतानाच सांगून टाकावं: जिल्हा बुलढाणा, महसूल विभाग अमरावती, तालुका संग्रामपूर.

दुसरं उदाहरण महाडीबीटीचं. शेतकऱ्यांच्या योजना आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या या दोन्हींचे अर्ज याच संकेतस्थळावर भरले जातात. चॅटबॉटला ‘दुबार लिंका काढून टाक’ असं मोघम सांगितलं, तर नावावर आणि संकेतस्थळावर जाऊन तो यातली एक उडवू शकतो. सेवा केंद्राला मात्र दोन्ही लागतात: एक ट्रॅक्टरच्या अर्जासाठी, दुसरी बारावीनंतरच्या मुलांसाठी. दिसायला सारखी असलेली प्रत्येक लिंक फालतू नसते.

सगळ्यात जपायची गोष्ट मात्र वेगळीच आहे. नावात ‘पीएम किसान’ आहे म्हणून एखादं बनावट पान चॅटबॉटने ‘शासकीय’ फोल्डरात टाकलं, तर त्या पानाला आपणच अस्सलपणाचा शिक्का मारून देतो. पुढच्या वेळी कुणी खात्री करणार नाही. शासकीय पानं ओळखताना पत्ता स्वतः पाहावा. केंद्राची आणि राज्याची अधिकृत संकेतस्थळं साधारणपणे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतात, आणि हा शेवट (सुरुवातीचं ‘https://’ सोडून) पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी असावा लागतो. रेघेच्या पुढे कुणीही काहीही लिहू शकतो.

‘यादी परत आली म्हणजे सगळी आली’

खरा घोटाळा होतो तो इथे. चॅटबॉट यादी उचलून ठेवत नाही, तो ती शब्दागणिक नव्याने लिहितो. यादी लांबली की मधल्या दहा-वीस लिंका गळतात, एखाद्या पत्त्यातलं अक्षर बदलतं, कधी तर दिसायला अगदी खरा वाटणारा पण कधीच नसलेला पत्ता तयार होतो. मांडणी इतकी नीटनेटकी असते की संशय येत नाही.

मराठी पत्त्यांना हा धोका जास्त. पत्त्यात देवनागरी अक्षरं असली की ब्राउझर ती कॉपी करताना टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा साठवायला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन खुणांनी लिहिला जातो. ‘सोनाळा’ या शब्दात तीन अक्षरं आणि तीन मात्रा, म्हणजे सहा घटक. पत्त्यात त्याच्या ५४ खुणा होतात. त्यांतली एक जरी इकडची तिकडे झाली तरी पान उघडत नाही. मराठी विकिपीडिया किंवा मराठी वर्तमानपत्रांतले लेख साठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यावर इलाज सोपा आहे: चॅटबॉटला गट पाडायला लावा, पत्ते लिहायला लावू नका. यादी दीडशे-दोनशेच्या आत असेल तर त्याच्याकडून फक्त फोल्डरांचा आराखडा घ्यावा आणि लिंका हाताने ओढून टाकाव्यात. तासाभराचं काम आहे. यादी मोठी असेल तर फाइलमधून अनुक्रमांक, नाव आणि पत्ता असे तीन रकाने काढणारा छोटा पायथॉन प्रोग्राम त्याच्याकडूनच लिहून घ्यावा. प्रोग्राम पत्ते जसेच्या तसे उचलतो. मग चॅटबॉटला अनुक्रमांक, नाव आणि संकेतस्थळ एवढंच द्यायचं आणि उत्तरात अनुक्रमांकासमोर फोल्डरचं नाव मागायचं. पत्ते आपल्या तक्त्यातच राहतात. शेवटी दोन्ही तक्त्यांतल्या ओळी मोजायच्या. आकडा जुळला नाही तर पुढे जायचं नाही.

फोल्डरची नावंही आपणच ठरवलेली बरी. त्याच्यावर सोडलं तर ‘शासन’, ‘शिक्षण’, ‘वित्त’ असे पुस्तकी कप्पे मिळतात. केंद्रात येणारा माणूस असं काही मागत नाही. त्याला सातबारा हवा असतो, उत्पन्नाचा दाखला हवा असतो, विमा भरायचा असतो. फोल्डर कामाच्या नावाने असावेत.

‘बंद पडलेल्या लिंका तो ओळखतो’

पान उघडून पाहिल्याशिवाय ते चालू आहे की नाही, हे कुणालाच कळत नाही. त्यामुळे चॅटबॉटने नुसत्या यादीवरून ‘या लिंका बंद आहेत’ म्हटलं, तर तो निव्वळ अंदाज. पान नाहीसं होणं मात्र खरं आणि मोठं आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवून दिलं, की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. हरवलेलं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर कधी कधी सापडतं, म्हणून महत्त्वाच्या लेखाची लिंक पुसण्याआधी तिथे एकदा बघावं. शासकीय पोर्टलचं लॉगिननंतरचं आतलं पान साठवलं असेल तर ते पुन्हा उघडत नाही, कारण ते सत्र संपलेलं असतं. तिथे मुख्य पानच साठवावं.

‘बुकमार्कात गुपित काय असणार?’

असतं. पासवर्ड बदलण्याच्या लिंका, ‘लिंक असेल तो पाहू शकेल’ अशी ठेवलेली गुगल ड्राइव्हवरची कागदपत्रं, दवाखान्याच्या अहवालाचं पान. काही पत्त्यांत तर अर्जाचा क्रमांकही गुंफलेला असतो. सेवा केंद्राच्या संगणकावर ही माहिती गावातल्या माणसांची असते, आपली नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला; पण कायदा नसता तरी विश्वासाने कागद देणाऱ्याची माहिती परस्पर तिसऱ्याकडे देणं योग्य ठरलं नसतं. अशा ओळी यादीतून आधी काढा, मगच यादी चिकटवा.

जुळलेल्या तक्त्यांवरून तशाच प्रोग्रामने बनवलेली नवी फाइल इम्पोर्ट केली की जुने बुकमार्क आपोआप जात नाहीत. क्रोम नव्यांना वेगळ्या फोल्डरात ठेवतो, आणि जुने हाताने पुसेपर्यंत पसारा दुप्पट दिसतो. पुसताना सिंक चालू असेल, तर त्याच खात्याच्या मोबाइलवरूनही ते जातात. म्हणून सुरुवातीला एक्स्पोर्ट केलेली मूळ फाइल तारीख टाकून पेनड्राइव्हवर ठेवा आणि किमान वर्षभर पुसू नका. खरिपाच्या विम्याची आणि शिष्यवृत्तीची लिंक वर्षातून एकदाच लागते. ती गळाली असेल तर त्याच दिवशी कळेल.