गाण्याचा डग्गा

भजनाला बसण्याआधी पखवाजवाला कणीक मागून घेतो. मुठीएवढा गोळा, पाण्याचा हात लावून, तो डाव्या पुडीवर थापतो, अंगठ्याने कडा दाबतो, एक थाप मारून कान देतो आणि चिमूटभर काढून टाकतो. कमी पडली तर आवाज कोरडा, जास्त झाली तर बसका. नेमकी जमली की घुमार थेट पोटात उतरते. आमच्या शिरूर अनंतपाळमध्ये लहानपणी हे बघत बसणं मला भजनापेक्षा जास्त आवडायचं. अभंग कोण म्हणणार, हे गावभर माहीत असायचं. डाव्या हाताची चौकशी कोणी करत नसे.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही असा एक डावा हात आहे. आधी तो उभ्या डबल बेसचा होता, पुढे बेस गिटारचा झाला. बेस गिटारला चार जाड तारा, सगळ्यात खालची सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. आमच्या घरच्या ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरला एवढं खाली जाणं झेपणारं नव्हतं. तरी गाणं पोकळ वाटायचं नाही, कारण वरचे उपस्वर ऐकून खालचा मूळ सूर कान आपल्या पदरचा भरतो. मी खरा बेस पहिल्यांदा ऐकला तो वरातीत. साउंडवाल्याने मोठे बॉक्स लावले आणि दहा वर्षं पाठ असलेल्या गाण्यात एक माणूस वाजवतोय, हे मला तेव्हा कळलं.

तो माणूस कोण? रेकॉर्डच्या चकतीवर सिनेमा, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावं असत. तीही सहज मिळालेली नव्हती: ‘महल’च्या 1949च्या तबकडीवर लताबाईंच्या नावाऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’चं, नाव छापलं होतं. गाणारीची ही गत, तर वादकाला कोण विचारतो? संगीतकार पंचमच्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून बासू, मनोहारी, मारुती ही नावं दिसतात. यातले मारुतीराव कीर हे आपले मराठी तबलिये. पण पंचमच्या ताफ्यात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती घरांत ठाऊक आहेत?

वाझ हे आडनाव सांगतंच, वाट गोव्याकडे जाते. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या सिनेमाला नेमकी अशीच, कागदावरचं वाचून लगेच वाजवणारी माणसं हवी होती. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळाची मांडणी करत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या नायकाला त्यांचं नाव मिळालं आणि देशभर गाजलं. गाजलं ते अमिताभच्या तोंडी. खरा अँथनी गोन्साल्विस म्हणून कोणी आहे, हे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

काम रोजंदारीचं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये पन्नास-पन्नास वादक एका वेळी बसत. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. बेसवाल्याची चूक तर लपत नाही. व्हायोलिनच्या घोळक्यात एखादा गज चुकला तर खपून जातो, पण इथे तो एकटा असतो. गाणं झालं की मानधन घ्यायचं आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा. आपण अजरामर काही वाजवतोय असं वाटायला त्यांना सवडच नव्हती, असा माझा अंदाज आहे.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतही हेच चाललं होतं. एका घरात थाटलेल्या स्टुडिओत जेम्स जेमरसन नावाचा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने बेस वाजवायचा. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, जुन्या तारांतच गोडी आहे म्हणायचा. साठच्या दशकात त्याच्या बेसवर गाण्यामागून गाणी गाजली, वेष्टनावर मात्र त्याचं नाव आलं 1971मध्ये, मार्विन गेच्या अल्बमवर. 1983मध्ये मोटाउनचा पंचविशीचा सोहळा झाला, तेव्हा जेमरसन तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला.

तिकडे पुढे त्याच्यावर पुस्तक निघालं, मोटाउनच्या वादकांवर सिनेमा निघाला. आपल्याकडेही ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008मध्ये ग्रंथ काढला. कायद्याचा चेहरा मात्र वेगळा आहे. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंतांचे हक्क वाढवले आणि ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं: सिनेमात ज्याची कामगिरी किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला कलावंत धरायचं नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्यापुरताच अपवाद. बेस किरकोळ की कसं, हा वाद वकिलांनी घालावा. पण नाव न देण्याचा रिवाज कोणाचा होता? ज्यांनी नाव गाळलं त्यांच्याच सवयीला कायद्याने निकष करून ठेवलं.

चरणजित सिंग यांचं आणखी वेगळं झालं. सिनेमाच्या वाद्यवृंदात ते बेस गिटार वाजवत, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवरचं अकॉर्डियनही वाजवत. ऐंशीच्या सुमारास जपानच्या रोलँड कंपनीने चंदेरी रंगाची एक छोटी पेटी काढली, टीबी-303. जोडीला बेसवाला नसेल तर सरावापुरता तिने बेस धरावा, ही कल्पना. ती पेटी चालली नाही, कंपनीने 1984मध्ये बंद केली. पण 1982मध्ये सिंगांनी तीच पुढ्यात घेतली आणि भैरव, ललत असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिला फारसं कोणी विचारलं नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच पेटीतून नाचाच्या संगीताचा एक प्रकारच उभा केला. सिंगांची तबकडी 2010मध्ये युरोपात पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस परदेशी मंचांवर उभा राहिला. 2015मध्ये ते गेले.

परवा आमच्या गल्लीतून वरात गेली. बॉक्स चौपट मोठे, बेस सगळा यंत्राचा. घरातल्या मांडणीवरच्या ताटल्या खणखणल्या. आई म्हणाली, काय रे हे, गाणं कोणतं तेच कळंना. मी उठून ताटल्या धरल्या.