उताऱ्यामागील यंत्रणा : रेड नियंत्रक व क्रमिक जोडणी

जमिनीचा एक-चौदाचा उतारा पूर्वी दप्तरातून हाताने उतरवून मिळत असे. आता तो संगणकावरून छापून मिळतो. कागदी दप्तरास वाळवीचे व पावसाळी ओलीचे भय असे. संगणकाच्या दप्तरासही स्वतःचे भय आहे. ज्या डिस्कवर नोंदी साठविल्या जातात, तिच्यातील चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेत अहोरात्र फिरत असतात. ती केव्हातरी निकामी होणारच, हे गृहीत धरूनच सर्व्हरची रचना करावी लागते.

यावरील उपायाची पद्धतशीर मांडणी १९८८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात केली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क जोडाव्यात आणि एखादी बिघडली तरी माहिती वाचेल अशी तजवीज ठेवावी, हा त्यांचा विचार. अशा समूहास 'रेड' म्हणतात. या आद्याक्षरी नावातील एका अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे तेथे 'स्वतंत्र' हा अर्थ रूढ झाला. विक्रेत्यांना स्वस्ताई मानवली नसावी!

माहिती वाचते कशी? सर्वांत सोपी रीत म्हणजे तीच नोंद दोन डिस्कवर लिहिणे. दुसरी रीत अधिक काटकसरीची असून शिक्षकांना ती फळ्यावर सहज दाखविता येईल. समजा, तीन डिस्कवर अनुक्रमे १, ०, १ हे अंक आहेत. एकूण 'एक' सम संख्येत राहावेत म्हणून चौथीवर ० लिहावयाचे. आता दुसरी डिस्क गेली, तर उरतात १, १ आणि ०. 'एक' दोनच, म्हणजे समच आहेत. अर्थात हरवलेला अंक ० होता. हा हिशेब प्रत्येक अंकासाठी अखंड करीत राहणारे साधन म्हणजे रेड नियंत्रक. वीज अकस्मात गेल्यास लिहावयाची राहिलेली माहिती नष्ट होऊ नये, म्हणून अनेक नियंत्रकांवर छोटी बॅटरीही असते.

मात्र एका पेटीत आठ-दहा डिस्क बसवावयाच्या, तर तारांचा प्रश्न उभा राहतो. जुन्या समांतर पद्धतीत अनेक अंक अनेक तारांवरून एकदम धाडले जात. कवायतीत मुलांची आडवी रांग सावकाश चालताना सरळ राहते. धावू लागली की मोडते. तसेच वेग वाढविताच काही अंक आधी व काही मागाहून पोहोचू लागले. साध्या संगणकातील समांतर पट्टी ८० तारांची, लांबीला जेमतेम ४५ सेंटिमीटर, आणि तिचा वेग सेकंदाला १३३ मेगाबाइटवर थांबला. सर्व्हरमधील 'स्कझी' पद्धत याहून वेगवान होती, परंतु तिच्यात अनेक डिस्क एकाच मार्गावर असत व त्या मार्गातील एका दोषाने सर्वांचेच काम अडू शके.

क्रमिक पद्धतीत अंक एकामागून एक, परंतु फार वेगाने जातात. २००३ च्या सुमारास आलेल्या 'साटा' जोडणीत सातच तारा असून केबल एक मीटरपर्यंत चालते. तिच्या पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला १५० मेगाबाइट होता, तिसऱ्या पिढीत तो ६०० झाला. सर्व्हरसाठीची 'सास' जोडणीही क्रमिकच असून तिच्या नियंत्रकास साटा डिस्कही जोडता येते. प्रत्येक डिस्कला स्वतंत्र वाट मिळाल्याने एकीचा बिघाड दुसरीस सहसा बाधत नाही. बारीक केबलांमुळे पेटीत हवा खेळती राहते. योग्य बैठक असल्यास सर्व्हर चालू असतानाच बिघडलेली डिस्क काढून नवी बसविता येते.

ही बदली मात्र विनाविलंब व्हावयास हवी. वर सांगितलेल्या हिशेबाने एकच हरवलेली डिस्क भरून निघते. दुसरीही गेली, तर माहिती गेलीच. मोठ्या डिस्कची भरपाई होण्यास अनेक तास, कधी दिवसही लागतात. म्हणून दोन डिस्क गेल्या तरी तगणारी 'रेड ६' ही रीत मोठ्या समूहांसाठी वापरतात. तथापि चुकीने पुसलेली नोंद सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते, आणि आग किंवा पूर आल्यास सारी पेटीच जाते. त्यासाठी दुसऱ्या इमारतीत वेगळी प्रत ठेवावी लागते, व ती खरोखर वाचता येते की नाही हे अधूनमधून उघडून पाहावे लागते.